मीटिंगसाठी घेतलेलं म्यूटचं बटण कधी चालतं, कधी उलटाच दिवा दाखवतं. बदलून घेऊ का?

एवढ्यात नको. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. यूएसबीला जोडलेल्या बटणावर लाल दिवा असूनही तुमचं बोलणं पलीकडे ऐकू गेलं. गूगल मीटमध्ये एकदा बटण दाबलं तर म्यूट व्हायचं सोडून बुकमार्कची चौकट उघडली. आणि अधूनमधून बटण दाबूनही काहीच होत नाही. तिन्हींचं खापर तुम्ही बटणावर फोडलंय. माझ्या मते यातल्या फक्त तिसऱ्या तक्रारीत बटण दोषी असू शकतं. पहिल्या दोन गोष्टी या जातीच्या बटणाच्या स्वभावातच आहेत, म्हणजे नवीन आणलंत तरी तेही असंच वागेल.

आवाज अडवायच्या जागा तीन आहेत. पहिली खुद्द मायक्रोफोनमध्ये: काही हेडसेटच्या वायरवर किंवा टेबलावरच्या माइकवर असतं तसं बटण, जे आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचूच देत नाही. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये: बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवर माइक बंद करायची कळ असते, ती इथे काम करते. तिसरी मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचं माइकचं चिन्ह. या तिन्ही जागा एकमेकींना विचारून काम करत नाहीत. तिन्ही उघड्या असतील तरच आवाज जातो, एक जरी बंद असेल तर जात नाही. ‘अनम्यूट केलं तरी कुणाला ऐकू येत नाही’ या रडगाण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं: एका जागी उघडलेलं असतं आणि दुसऱ्या जागी बंद.

आपलं बटण यातलं कोणतं, हे ओळखणं सोपं आहे. मीटिंग सुरू नसताना विंडोज किंवा मॅकच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुटचं पान उघडा. तुम्ही बोललात की तिथली पातळीची पट्टी हलते. बोलता बोलता बटण दाबा. पट्टी थांबली तर बटण पहिल्या किंवा दुसऱ्या जागी काम करतंय. पट्टी तशीच नाचत राहिली, तर तुमच्या बटणाला माइकचं काहीच माहीत नाही. तो फक्त एक कळ असलेला कीबोर्ड आहे, जो तुमच्या वतीने शॉर्टकट दाबतो.

तुमच्या बाबतीत ही चाचणी नाही केली तरी चालेल, कारण बुकमार्कच्या चौकटीनेच उत्तर दिलं आहे. मीटमध्ये माइक बंद-चालू करायचा शॉर्टकट आहे कंट्रोल-डी, मॅकवर कमांड-डी. ब्राउझरमध्ये पान बुकमार्क करायचा शॉर्टकटही तोच. मीटचा टॅब समोर असेल तर मीट तो आधी पकडतं. तुम्ही दुसऱ्या टॅबवर काही वाचत असाल तर तो ब्राउझरला मिळतो आणि माइक आहे तसाच राहतो. बुकमार्कवर निभावलं हे नशीब समजा. समोर एक्सेल असतं तर कंट्रोल-डीने वरच्या खान्यातली नोंद खालच्या खान्यावर उतरवली असती. वर्डने फॉन्टची चौकट उघडली असती. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये एखादी फाइल निवडलेली असती तर ती मुकाट्याने रीसायकल बिनमध्ये गेली असती. स्क्रीन शेअर चालू असताना यातलं काहीही होऊ शकतं, आणि बटण दाबणाऱ्याला वाटत राहतं की आपण म्यूट झालो.

यावर उपाय अ‍ॅपनुसार बदलतो. झूममध्ये शॉर्टकट ऑल्ट-ए आहे (मॅकवर कमांड-शिफ्ट-ए). सेटिंगमधल्या कीबोर्ड शॉर्टकटच्या यादीत प्रत्येकासमोर ‘ग्लोबल’ची खूण करायची सोय आहे. ती केली की झूम मागे असलं तरी बटण चालतं. टीम्सचा कंट्रोल-शिफ्ट-एम मात्र टीम्सची खिडकी समोर असेल तरच लागू पडतो. विंडोज ११ वर त्याऐवजी विंडोज-ऑल्ट-के पाठवता येतं. ते खुद्द विंडोज पकडतं आणि टीम्ससारख्या ज्या अ‍ॅपनी ही सोय जोडून घेतली आहे त्यांना कळवतं. मीट हे ब्राउझरातलं पान असल्यामुळे त्याची अडचण सगळ्यात मोठी आहे. मीटिंग वेगळ्या खिडकीत ठेवून बोलायच्या आधी तिच्यावर क्लिक करणं हा एक मार्ग, पण मग बटण घेतलंच कशाला?

माझी पसंती दुसऱ्या मार्गाला आहे: बटणाने अ‍ॅपच्या वाटेला जायचंच नाही, ऑपरेटिंग सिस्टिममधला माइक बंद करायचा. बटणासोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कळ बदलता येत असेल तर तिथे एफ-१३ निवडा. एफ-१३ ते एफ-२४ या कळा यूएसबीच्या मानकात आहेत, पण नेहमीच्या कीबोर्डवर नसतात, त्यामुळे त्या कुठल्याच शॉर्टकटला सहसा आड येत नाहीत. मग विंडोजवर कळांना हवं ते काम लावून देणाऱ्या ऑटोहॉटकी या प्रोग्रामच्या छोट्या स्क्रिप्टने एफ-१३ दाबलं की माइक म्यूट, पुन्हा दाबलं की चालू, असं करता येतं. मॅकवर असं काम करणाऱ्या मदतनीस अ‍ॅपला बहुधा प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर बटण दाबून काहीच होत नाही आणि कारणही कळत नाही. या मार्गात तोटा एकच: मीटिंगच्या खिडकीत तुमचा माइक चालूच दिसतो, त्यामुळे बाकीचे तुमच्या बोलण्याची वाट बघत बसतात. मला तो तोटा परवडतो. आवाज गेला नाही याची खात्री मला जास्त महत्त्वाची वाटते.

आता दिव्याबद्दल. बटण पाठवतं तो शॉर्टकट ‘म्यूट कर’ असं सांगत नाही, ‘आहे त्याच्या उलट कर’ असं सांगतो. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतात. त्यातलं एक खाली दाबलेलं आहे एवढ्यावरून दिवा चालू आहे का ते सांगता येत नाही, तसंच हे. तुमच्या बटणावरचा लाल-हिरवा दिवा म्हणजे बटणाने स्वतःशी ठेवलेली मोजदाद आहे. मीटिंगमध्ये शिरतानाच तुम्ही म्यूट असाल, मध्येच होस्टने सगळ्यांना म्यूट केलं, किंवा तुम्ही घाईत माउसने चिन्हावर क्लिक केलंत, तर यातलं काहीच बटणाला कळत नाही. एकदा चुकामूक झाली की पुढची सगळी मीटिंग दिवा उलटाच. लाल असताना आवाज जातो तो असा.

हे सुटायचं तर कॉम्प्युटरने बटणाला उलट निरोप द्यायला हवा. तुमच्या कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा असाच चालतो. तो कीबोर्ड स्वतः लावत नाही, कॉम्प्युटर त्याला ‘लाव’ म्हणून सांगतो. म्हणूनच दोन कीबोर्ड विंडोजला जोडले आणि एकावर कॅप्स लॉक दाबलं तर दुसऱ्यावरचाही दिवा लागतो. म्यूटसाठीही यूएसबीच्या एचआयडी मानकात (कीबोर्ड, माउससारखी उपकरणं कॉम्प्युटरशी कसं बोलतात ते ठरवणाऱ्या नियमांत) अशी तरतूद आहे. त्यात टेलिफोनीच्या उपकरणांसाठी ११ क्रमांकाचं पान आहे आणि त्यावर फोन म्यूटची नोंद आहे. दिव्यांसाठी ८ क्रमांकाचं पान आहे आणि त्यात म्यूटच्या दिव्याचीही नोंद आहे. टीम्स किंवा झूमसाठी प्रमाणित केलेले हेडसेट आणि स्पीकरफोन ही वाट वापरतात, म्हणून स्क्रीनवर म्यूट केलं की त्यांच्यावरचा दिवाही बदलतो. झूममध्ये हेडसेटच्या बटणांशी जुळवून घेण्याची वेगळी खूण ऑडिओच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू आहे ना ते बघा. ब्राउझरमध्ये यासाठी वेबएचआयडी लागतं, म्हणजे वेबपानाला अशा उपकरणांशी थेट बोलू देणारं तंत्र. क्रोममध्ये ते २०२१ पासून आहे, फायरफॉक्स आणि सफारीत नाही. तुमचं बटण साधा कीबोर्ड असल्यामुळे त्याच्याकडे हा उलट निरोप येतच नाही. कुठल्याही सेटिंगने तो दिवा खरा होणार नाही. सॉफ्टवेअरमधून बंद होत असेल तर बंद करा, नाहीतर काळी चिकटपट्टी लावा. खोटा दिवा असण्यापेक्षा दिवा नसलेला बरा, निदान नजर स्क्रीनवरच्या चिन्हाकडे जाते.

दिवा नको असेल तर आणखी एक पर्याय आहे, दाबून धरून बोलणं. झूममध्ये म्यूट असताना स्पेसबार धरून ठेवला की तेवढा वेळ माइक चालू राहतो. टीम्समध्ये कंट्रोल-स्पेस. बटण धरलंय की सोडलंय हे बोटालाच कळतं, त्यामुळे उलटसुलट व्हायचा प्रश्न येत नाही. यालाही अ‍ॅपची खिडकी समोर लागतेच, आणि लांबलचक बोलायचं असेल तर बोट दुखतं. ऐकायचं जास्त आणि बोलायचं क्वचित, अशा मीटिंगला याच्यासारखं सोयीचं काही नाही.

हेडसेटवर वेगळं बटण असणाऱ्यांनी एक धोका ध्यानात ठेवावा. हेडसेटचं बटण हेडसेटचाच माइक बंद करतं. मीटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेबकॅमचा निवडलेला असेल, तर कानाजवळ लाल दिवा लावून तुम्ही खुशाल घरातलं बोलत राहाल आणि सगळे ऐकत राहतील. हेडसेट मध्येच काढून पुन्हा जोडला की काही वेळा अ‍ॅप गुपचूप दुसऱ्या माइकवर जातं. ऑडिओच्या यादीत कोणत्या नावासमोर खूण आहे ते मीटिंगच्या सुरुवातीला एकदा बघून घ्यावं.

राहिली तिसरी तक्रार, दाबूनही काही न होणं. इथे बटणावर संशय घ्यायला जागा आहे. धातूचे संपर्क एकमेकांवर आदळतात तेव्हा काही मिलिसेकंद थरथरतात, आणि आतल्या प्रोग्रामने ती थरथर गाळली नाही तर एका दाबण्याची दोन दाबणी मोजली जातात. म्हणजे म्यूट झालं आणि लगेच उघडलं. तुम्हाला वाटतं काहीच झालं नाही. दुसरा प्रकार, बोट जरा वेळ टेकून राहिलं तर काही बटणं कळ धरून ठेवल्यासारखी वागतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम ती कळ पुन्हापुन्हा पाठवू लागते. पटकन टिचकी मारल्यावर नीट चालतं आणि लांब दाबल्यावर भरवसा नाही, असं असेल तर हेच. तिसरा प्रकार झोपेचा: विंडोज वीज वाचवायला यूएसबी उपकरण निजवतं आणि पहिलं दाबणं त्याला उठवण्यातच खर्ची पडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला बंद करण्याची खूण असते, ती काढा. आणि मोठ्या मीटिंगमध्ये होस्टने स्वतःहून अनम्यूट व्हायची परवानगीच काढलेली असेल, तर जगातलं कुठलंच बटण चालणार नाही.

हे वाचणाऱ्या कुणी असं बटण स्वतः बनवलं असेल तर थोडक्यात: आर्डुइनो लिओनार्डो, प्रो मायक्रो किंवा रास्पबेरी पाय पिको हे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड थेट कीबोर्ड होऊ शकतात, साधा ऊनो (आर-३ पर्यंतचा) तसा होत नाही. पिनला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिनची पातळी वर धरून ठेवणारा रोधक) दिला नसेल तर हात जवळ नेला तरी बटण आपोआप दाबल्यासारखं होतं. चार पायांचं छोटं बटण ९० अंशांत फिरवून लावलं तर ते कायम दाबलेलंच राहतं. प्रोग्राममध्ये २० ते ३० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचा, आणि कळ दाबल्यावर लगेच सोडायला विसरू नका, नाहीतर कंट्रोल अडकून बसतो आणि सगळा कीबोर्ड वेड्यासारखा वागतो. बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर सगळ्यात आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

तुम्ही आता एवढंच करा. एकट्याने एक मीटिंग सुरू करा, फोनवरून त्यातच सामील व्हा, फोनला इअरफोन लावा म्हणजे आवाज घुमणार नाही. मीटिंगची खिडकी समोर ठेवून बटण सावकाश, थांबून थांबून दाबा आणि नजर स्क्रीनवरच्या चिन्हावर ठेवा. प्रत्येक दाबण्याला चिन्ह एकदाच बदललं आणि फोनवर आवाजही तसाच तुटला, तर बटणात दोष नाही, वरचे शॉर्टकटचे बदल पुरेत. चिन्ह एका दाबण्यात दोनदा लुकलुकत असेल आणि विक्रेत्याकडे फर्मवेअरचा (बटणाच्या आतल्या प्रोग्रामचा) नवा अपडेट नसेल, तर मात्र जरूर बदलून घ्या. आणि बदलताना तुम्ही वापरता त्या अ‍ॅपसाठी प्रमाणित असलेलं उपकरण मागा, म्हणजे दिव्याचाही प्रश्न त्यातच मिटेल.