'प्रोस्टेट झालाय' आणि फणसाची आठळी

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न: वडिलांच्या रिपोर्टवर 'प्रोस्टेटायटिस' लिहिलंय, मराठीत 'प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) जंतुसंसर्ग' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'आयटिस' म्हणजे दाह. मूळ ग्रीकमध्ये तर तो नुसता 'अमक्याचा' अशा अर्थाचा प्रत्यय, पुढचा 'रोग' हा शब्द अध्याहृत, म्हणजे न उच्चारता समजून घ्यायचा. जंतू आपण घुसडले. रेंगाळणाऱ्या प्रोस्टेटायटिसच्या बहुतेक रुग्णांत तपासणीत जिवाणू सापडतच नाहीत. सापडले तर बहुधा ई. कोलाय, म्हणजे आतड्यातलाच रहिवासी. पण 'जंतू' म्हटलं की पाय परस्पर मेडिकलकडे वळतात! 'प्रोस्टेटदाह' म्हणा.

आणि ऊतीत जिवाणू दिसले म्हणजे त्यांनीच रोग केला, असंही नाही. मुरमांशी नाव जोडलेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस कॅन्सरग्रस्त प्रोस्टेटच्या ऊतीत सापडलाय. त्याच्यामुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. तो त्वचेवर एरवीही असतो, नमुना घेतानाही मिसळू शकतो. 'सापडला'चं भाषांतर 'मुळे झाला' करू नये.

त्याहून जास्त डोकं उठतं ते कोल्हापुरात गंगावेशीपासून राजारामपुरीपर्यंत ऐकू येणाऱ्या 'आबांना प्रोस्टेट झालाय'नं. अहो, प्रोस्टेट होत नसतो, तो असतोच! तो वाढतो, सुजतो किंवा त्यात कॅन्सर होतो. तिन्ही वेगळे.

परिभाषावाल्यांचा 'पुरःस्थ ग्रंथी' ग्रीक 'प्रोस्टाटेस'चं, म्हणजे 'पुढे उभा राहणारा'चं, इमानदार भाषांतर आहे. त्यातला संस्कृत 'स्था' धातूही ग्रीक शब्दातल्या धातूचा सख्खा भाऊ. पण ग्रंथी बसलीय मूत्राशयाच्या खाली. हा शब्द कट्ट्यावर कुणी उच्चारल्याचं मला तरी ऐकिवात नाही.

प्रोस्टेटसाठीच्या शब्दांतला खरा दागिना म्हणजे 'अष्ठीला'. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, 12 प्रकारांत 'वाताष्ठीला' आहे: मलमार्ग आणि बस्ती (मूत्राशय) यांच्या मधोमध, अष्ठीलेसारखी घट्ट, न हलणारी, वर आलेली गाठ, आणि लघवी तुंबलेली. जागा बघा! अर्थात ते रोगाचं नाव. अवयवाला ते चिकटवलं आधुनिक कोशकारांनी.

आता अष्ठीला म्हणजे काय? कोशांत गोल दगड हा अर्थ मिळतो, आणि लोक पुढं पान उलटतात. मला हे पटत नाही. पाली भाषेत 'अट्ठि' म्हणजे हाड आणि फळातली कोयही. 'ओष्ठ'चा ओठ होतो, 'फल'चं फळ होतं, मग 'अष्ठीला'ची आठळी का होऊ नये? फणसातली, आमटीत पडणारी, गुळगुळीत, टणक आठळी! गाठीला उपमा द्यायची तर नदीतल्या गोट्यापेक्षा ही कितीतरी नेमकी. संस्कृतच्या पंडितांनी एकदा फणस फोडून बघावा.

आजरा, चंदगड, गगनबावड्याकडे आठळीला आणखी काय म्हणतात, ते लिहून कळवा. 'आठोळी' माझ्याकडे आहे.