वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन कलादालनात चित्र ठेवताना

गेल्या दोन महिन्यांत सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावर होती : इंटरनेटवरील कलादालनांत चित्रे ठेवावीत का, ठेवली तर विकली का जात नाहीत, आणि विकताना फसवणूक कशी टाळावी. त्यांतील पाच पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : महोदय, मी मिरजेतील एका शाळेतून कलाशिक्षक म्हणून निवृत्त झालो. कृष्णेचे घाट, हरिपूरचा संगम आणि वाळत घातलेली हळद हे माझे जलरंगाचे विषय. सूनबाईंनी मोबाइलवर फोटो काढून तीस चित्रे एका ऑनलाइन कलादालनात ठेवली, त्याला आठ महिने झाले; एकानेही विचारणा केली नाही. माझी चित्रे आता जुनी झाली असे समजावे का? — एक निवृत्त कलाशिक्षक, मिरज

उत्तर : सर, तसे मुळीच समजू नका. आपण हळदीचे मूळ चित्र आणि त्याचा दालनावरील फोटो असे दोन्ही पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण दोन्ही शेजारी ठेवताच दोष कोठे आहे ते दिसले. मूळ चित्रातली हळकुंडे गेरूकडे झुकणाऱ्या, उन्हात तापलेल्या पिवळ्या रंगाची आहेत. फोटोत तीच फिकट लिंबासारखी झाली असून कागदाच्या कोऱ्या कडा निळसर दिसतात. मोबाइलचा कॅमेरा समोर एकाच रंगाचा मोठा भाग दिसला की त्याला प्रकाशाचा दोष समजतो आणि विरुद्ध रंग मिसळून तो ‘सुधारतो’. पिवळ्यावर निळ्याची मात्रा अशी पडते. आपण आयुष्यभर ज्या रंगासाठी खपलात, तोच रंग ग्राहकापर्यंत पोहोचलेला नाही.

फोटो पुन्हा काढावेत आणि त्याआधी चित्र काचेच्या फ्रेममधून बाहेर घ्यावे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, उत्तरेकडच्या पडवीत किंवा खिडकीपाशी, थेट ऊन येणार नाही अशा जागी चित्र भिंतीला सरळ टेकवावे. कॅमेऱ्याची उंची चित्राच्या मध्याइतकी ठेवावी, फ्लॅश बंद करावा आणि फार जवळ न जाता दोन पावले मागे सरून फोटो घ्यावा, म्हणजे चित्राच्या कडा फुगीर दिसत नाहीत. चित्राशेजारी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवावा. नंतर मोबाइलमध्येच रंग सुधारताना तो तुकडा पांढरा दिसेपर्यंत बदल करावा, मूळ चित्र हाताशी ठेवून ताडून पाहावे आणि मग तो तुकडा कापून टाकावा. सूनबाईंना हे काम एका सकाळी जमेल. त्यांनी आजवर केले तेही मनापासून केले आहे, हे फोटोंवरून दिसते.

दुसरी गोष्ट मापाची. प्रदर्शनाला आलेला माणूस चित्रापुढे उभा राहतो, त्यामुळे त्याला आकार सांगावा लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर मात्र पोस्टकार्डाएवढे चित्र आणि हाफ इम्पीरियल (१५ × २२ इंचांचे) चित्र सारखेच दिसते. म्हणून प्रत्येक चित्राखाली ‘जलरंग, हँडमेड कागद, १५ × २२ इंच, फ्रेमशिवाय’ असे स्पष्ट लिहावे, साल द्यावे आणि एक फोटो असा ठेवावा की ज्यात चित्र एखाद्या खुर्चीच्या वर भिंतीवर लावलेले दिसेल. रंगाचा थर व कागदाचा पोत दाखवणारा एक जवळचा फोटो, सहीचा एक आणि मागील बाजूचा एक, एवढे दिले म्हणजे न भेटलेल्या माणसाला आपल्यावर भरवसा ठेवायला आधार मिळतो. ऑनलाइन विक्रीत चित्रकाराचे निम्मे काम हा आधार देण्याचेच असते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

तीस चित्रे एकदम ठेवू नयेत. घाटांची आठ-दहा निवडा, ती एकत्र मांडा आणि ‘निसर्गचित्र क्रमांक ७’ अशी नावे बदलून त्या त्या जागेचे नाव द्या. सांगली-मिरज सोडून पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या माणसाने ‘हरिपूर’ हा शब्द शोधला तर त्याला आपले चित्र सापडले पाहिजे. आणखी एक विनंती : विकायची असोत वा नसोत, सर्व चित्रांचे असे फोटो काढून ते घराबाहेरही कोठेतरी साठवा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात पाणी शिरले, तेव्हा जलरंगातली कामे भिजून पांढरी झालेली मी पाहिली आहेत. ज्यांच्याजवळ फोटोही नव्हते, त्यांच्या कामाची खूणसुद्धा उरली नाही.

प्रश्न : मी ॲक्रिलिकमध्ये काम करते. घरी येणाऱ्यांना १८ × २४ इंचांचे चित्र ८,००० रुपयांना देते. ऑनलाइन दालन ४० टक्के कमिशन घेणार आहे. मग तेथे किंमत वाढवून ठेवावी का? — एक चित्रकर्ती, वाई

उत्तर : दोन ठिकाणी दोन किमती ठेवू नयेत. ऑनलाइन चित्र पाहिलेला माणूस मेणवलीचा घाट पाहायला वाईत येतो, आपल्या घरी येतो आणि तेच चित्र कमी किमतीत पाहतो, तेव्हा त्याचा विश्वास उडतो. दालनालाही ते मान्य होत नाही. म्हणून सर्वत्र लागू होईल अशी एकच किंमत ठरवावी आणि ती कमिशन धरूनच ठरवावी.

आपला हिशेब मांडून पाहू. १८ × २४ म्हणजे ४३२ चौरस इंच. चौरस इंचाला २८ रुपये धरले तर किंमत १२,०९६ होते; ती १२,००० धरू. त्यातून ४० टक्के, म्हणजे ४,८०० रुपये दालनाचे गेले की हाती ७,२०० राहतात. कॅनव्हास, रंग आणि पॅकिंग यांचा खर्च यातूनच वजा होणार, आणि कुरिअर कोणी भरायचे हे आधी विचारून घेतले नाही तर तेही. घरून विकताना मात्र हे ४,८०० आपले राहतात, कारण ग्राहक शोधण्याचे, चहापाणी करून चित्र दाखवण्याचे काम तेथे आपणच करतो. चौरस इंचाचा दर एकदा बसवला की लहान-मोठ्या चित्रांच्या किमतींत मेळ राहतो. फार लहान चित्रांना मात्र दर थोडा चढा ठेवावा, कारण त्यांत मेहनत तितक्याच प्रमाणात कमी होत नाही. कराबाबत एवढेच सांगतो की परराज्यात ऑनलाइन दालनामार्फत विक्री सुरू करण्यापूर्वी जीएसटी नोंदणीविषयी गावातल्या कर सल्लागाराला विचारावे.

प्रश्न : एका दालनाच्या अटींत ‘चित्राचे सर्व हक्क दालनाकडे राहतील’ असे आहे. ‘मी सहमत आहे’ यावर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसरे असे की, मी ऑर्डरवर व्यक्तिचित्रेही करतो. त्यांच्या प्रती छापून विकता येतील का? — एक तरुण चित्रकार, तासगाव

उत्तर : हा प्रश्न इतरांनीही विचारायला हवा होता. चित्र आणि चित्राचा कॉपीराइट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्याकडच्या वाचकांना याचे उत्तम उदाहरण औंधला पाहायला मिळेल. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आहेत, आणि त्याच रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरांत होत्या. मूळ चित्र एका भिंतीवर राहिले आणि प्रती घराघरांत गेल्या. प्रती काढण्याचा हक्क किती मोलाचा असतो, हे यावरून कळते. तो हक्क एका टिचकीत देऊन टाकू नये.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकार हाच सामान्यतः कॉपीराइटचा पहिला मालक असतो आणि हा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मूळ चित्र विकल्याने तो ग्राहकाकडे जात नाही. हस्तांतर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्या लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे कायदा धरतो. कलम ५७ प्रमाणे चित्रकार म्हणून आपले नाव लागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क, कॉपीराइट दिल्यानंतरही, आपल्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली याच कलमाचा आधार घेतला होता.

तेव्हा दालनाला ई-मेल करून विचारा. चित्र दाखवण्यासाठी आणि त्याची जाहिरात करण्यासाठी फोटो वापरण्याची परवानगी त्यांना हवी असेल तर ती रास्त आहे आणि द्यावी. चित्र विकले गेल्यावर किंवा काढून घेतल्यावर ती परवानगी संपावी, एवढे लिहून घ्या. ‘सर्व हक्क’ हाच आग्रह कायम राहिला तर ते दालन सोडून द्या.

आता ऑर्डरच्या व्यक्तिचित्रांविषयी. येथे अनेकांची गल्लत होते. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक ते चित्र काढवून घेणारा ग्राहक असतो, चित्रकार नव्हे. त्यामुळे आपण तासगावातल्या एखाद्या कुटुंबासाठी काढलेल्या आजोबांच्या चित्राच्या प्रती त्यांना न विचारता विकता येणार नाहीत. निदान आपल्या कामाचा नमुना म्हणून ते दालनावर दाखवता यावे, यासाठी ऑर्डर घेतानाच दोन ओळी लिहून सही घ्यावी.

स्वतःच्या मनाने केलेल्या चित्रांच्या प्रती मात्र जरूर काढा. चांगल्या कागदावर, टिकाऊ शाईने छापा. पन्नासच काढणार असाल तर प्रत्येकीवर पेन्सिलीने ‘७/५०’ असा क्रमांक आणि सही करा, आणि एक्कावन्नावी कधीही काढू नका. छपाईची मोठी फाइल आपल्याजवळच ठेवावी. दालनावर लांब बाजूला १,५०० पिक्सेलचा फोटो पुरतो : पडद्यावर तो स्वच्छ दिसतो, पण इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत तो फक्त ५ इंच रुंद निघतो, त्यामुळे चोरणाऱ्याला त्यातून मोठी प्रत काढता येत नाही.

प्रश्न : परदेशातील एका गृहस्थाने पत्नीच्या वाढदिवसासाठी माझी तीन चित्रे पसंत केली. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक तो पाठवणार आहे आणि जास्तीची रक्कम मी त्याच्या वाहतूकदाराला द्यायची आहे. — एक गृहिणी, कराड

उत्तर : ताई, कृपया एक रुपयाही पाठवू नका. ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे : चेक काही दिवसांनी परत येतो आणि ‘वाहतूकदाराला’ दिलेले पैसे आपल्या खिशातून गेलेले असतात. चित्र किती इंचांचे, कोणत्या माध्यमाचे, हे त्याने एकदाही विचारले नाही, असे आपणच पत्रात लिहिले आहे. खरा घेणारा हेच आधी विचारतो. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे ‘पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. फी भरून ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कार’ देणाऱ्या दालनांपासूनही दूर राहावे.

प्रश्न : ऐन पावसाळ्यात साताऱ्याहून नागपूरला कॅनव्हास पाठवायचा आहे. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, सातारा

उत्तर : तैलरंग असेल आणि बोटाला अजून चिकट लागत असेल तर पाठवूच नका, ग्राहकाला कळवून थांबा. फुग्यांचे प्लास्टिक (बबल रॅप) रंगाला थेट लावू नये. काही वर्षांपूर्वी मी एक ॲक्रिलिक चित्र तसे गुंडाळून पाठवले आणि ग्राहकाने उघडले तेव्हा निळ्या आभाळावर गोल गोल ठसे उमटले होते. ते चित्र मला परत घ्यावे लागले. प्रथम ग्लासाइन (रंगाला न चिकटणारा गुळगुळीत पातळ) कागद, त्यावर चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षण, मग फुग्यांचे प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टीने बंद केलेली जाड प्लास्टिकची पिशवी आणि शेवटी दुहेरी पुठ्ठ्याचे खोके, असा क्रम ठेवावा. गुंडाळून पाठवायचे असल्यास रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळावे, कारण आत ठेवल्यास रंग दबून सुरकुततो. काच कुरिअरने पाठवू नये. फ्रेम नागपुरातच करून घ्यावी, असे ग्राहकाला सुचवावे. खोके बंद करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे माल खराब पोहोचल्यास कुरिअरकडे दावा मांडताना तो दाखवता येईल.