लिनक्सवर ड्रायव्हरमुळे रॅम हळूहळू संपतेय, पण टॉपमध्ये (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) एकही प्रोसेस फुगलेली दिसत नाही. गळती शोधायची कशी?

दिसणारच नाही. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर त्यातच चालतो) घेतलेली मेमरी कुठल्याच प्रोसेसच्या खात्यावर पडत नाही. /proc/meminfo फाइलमधला एसअनरीक्लेम, म्हणजे कर्नलने घेतलेली आणि सहज परत न मिळणारी मेमरी, चढतोय का बघा, मग स्लॅबटॉप लावा; कर्नलच्या कुठल्या साठ्यात ती अडकलीय ते तो दाखवतो.

आमच्याकडे हे एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झालं. 512 एमबी रॅमचा बॉक्स (छोटा संगणक), यूएसबी ड्रायव्हर आमचा. ऐन गळीत हंगामात दर दोन-तीन दिवसांनी बॉक्स हँग. टीम लीडचा तोडगा काय, तर रोज पहाटे तीनला क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) रीबूट. अहो, पहाटे तीनलाही तिथे उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते!

स्लॅबटॉपमध्ये केमॅलॉक-192 आणि केमॅलॉक-512 (192 आणि 512 बाइटच्या तुकड्यांचे साठे) जोडीने वाढत होते. ही जोडीच खूण ठरली: एक यूआरबी (यूएसबीवर पाठवायच्या विनंतीची नोंद), एक त्याचा डेटा ठेवणारा बफर. केमेमलीक (कर्नलमधलं गळती शोधायचं साधन) चालू असलेला कर्नल टाकला, स्कॅन मारला, तर प्रत्येक नोंदीत आमचंच राइट फंक्शन. त्यात आधी यूआरबी घ्यायचा, बफर घ्यायचा आणि मग तपासायचं की डिव्हाइस अजून जोडलेलं आहे का. नसेल तर सरळ रिटर्न, घेतलेलं न सोडताच. ट्रॉली काट्यावर चढली की केबल हलून निघायची आणि ॲप दर 10 मिलिसेकंदांनी पुन्हा लिहायला जायचं. दहा मिनिटांत 40 एमबी गायब. ॲप मारा, मॉड्यूल काढा, रीबूटशिवाय ते परत मिळत नाहीत.

तो रिटर्न तिथे आला कारण लीडने रिव्ह्यूत माझा गोटू (कोडमध्ये दुसऱ्या ओळीवर थेट उडी मारणारी आज्ञा) काढायला लावला होता. गोटू म्हणजे गचाळ कोड, हे त्यांचं ठाम मत. साफ चूक! कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच साफसफाईसाठी गोटू सुचवलाय. कर्नलमधला नमुना ड्रायव्हर यूएसबी-स्केलेटन.सी उघडा: फंक्शनच्या तळाशी एररची लेबलं, काहीही फसलं की तिथे उडी, आणि घेतलेलं सगळं तिथे सुटतं. मी तपासणी वर नेली, लेबलं परत घातली आणि क्रॉनची ओळ उडवली. उरलेला हंगाम बॉक्स एकदाही अडकला नाही.

केमेमलीकला थेट घेतलेली पानं (मेमरीची पेजेस) दिसत नाहीत, त्याने मशीन मंदावतं, आणि पहिल्या स्कॅनमध्ये खोट्या नोंदी येतात, म्हणून दोनदा मारा. डेव्हएमवाली फंक्शनं (डिव्हाइस सुटलं की मेमरी आपोआप सोडणारी) प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस जोडताना एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, उत्तम; राइटमध्ये नकोत. डिव्हाइस सुटेपर्यंत ती मेमरी धरून ठेवतात.

रिव्ह्यूत कोणी गोटू काढायला सांगितलं तर यूएसबी-स्केलेटन.सी समोर ठेवा. मी तेव्हा ठेवली नाही, गप्प बसून रिटर्न लिहिला.