१९९१ ची माझदा मियाटा (दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, १.६ लिटर इंजिन) आहे. इंजिनाची ताकद आणि रूप दोन्ही वाढवायचं, बजेट अडीच हजार डॉलर. आधी काय करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ११६ हॉर्सपॉवर कमी पडतात आणि बॉनेट उघडल्यावर ते डागाळलेलं, पांढुरकं वाल्व कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) बघवत नाही. मग आधी पैसे कशावर घालायचे, ताकदीवर की रूपावर?

एरवी मी या वादात पडत नाही. पण वाल्व कव्हर रंगवण्याच्या नादात माझ्या १९९० च्या मियाटाचं इंजिन गेलंय आणि त्यावरून दहा वर्षं घरच्या प्रत्येक कार्यक्रमात बोलणी खाल्ली आहेत. म्हणून लिहितो.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी गॅरेजमध्ये आणि ती बाहेर निघते एप्रिलमध्ये. त्या वर्षी जानेवारीत मी कव्हर उतरवलं. लाल सुरकुत्यांचा पावडर कोट करायचा होता. जुन्या इटालियन गाड्यांवर असतो ना, तसा. गावातल्या एका पावडर कोटिंगवाल्याकडे दिलं. त्याने काचेच्या बारीक मण्यांचं ब्लास्टिंग करून आधीची पुटं काढली, रंग चढवला आणि पाच दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलं. काम सुरेख होतं, नवी पैठणी घडी मोडून बघावी तसं मी ते उघडून बघितलं. नवं गास्केट घातलं, कोपऱ्यांवर सीलंट लावलं, बोल्ट हलक्या हाताने टॉर्क रेंचवर आवळले. माझ्या परीने सगळं नीट केलं होतं.

एप्रिलमध्ये गाडी काढली. तीनशेएक मैल झाले असतील. आपल्या गाड्यांमध्ये ऑइल प्रेशरचा काटा खरा असतो, पुढच्या वर्षांच्या मॉडेलांमध्ये तो नुसता दिव्यासारखा वागतो. तर सिग्नलला उभा असताना तो काटा नेहमीपेक्षा खूप खाली बसलेला दिसला. आठवड्याभरात खालून ठकठक सुरू झाली. वाल्व उघडणाऱ्या टॅपिटचा आवाज मला ओळखता येतो, या इंजिनात थंडीत तो येतोच. हा आवाज तो नव्हता.

त्याच सुमारास बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. प्रवासाचा शीण उतरायच्या आधीच त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिन चालू करून हातातला स्क्रू ड्रायव्हर चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, टेकवून मूठ कानाला लावली. म्हणाले, "बंद कर. आता चालवू नकोस."

ऑइल काढलं. उन्हात ट्रेमध्ये बघितलं तर त्यात चंदेरी झाक फिरत होती. फिल्टर हेक्सॉ ब्लेडने कापला, आतला कागद उलगडला. घड्यांमध्ये तांब्याच्या रंगाची भुकटी होती आणि तिच्यात काहीतरी पारदर्शक, रव्यापेक्षा बारीक. बाबांनी ते चिमटीत धरून चोळलं, उजेडात बोट वळवलं आणि म्हणाले, "काच आहे ही. आतून धुतलं होतंस का?"

मी बाहेरूनच बघितलं होतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कव्हरच्या आतल्या अंगाला पत्र्याचा बॅफल असतो. क्रॅंककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, वाफ ती बाहेर काढणाऱ्या पीसीव्ही वाल्वकडे जाताना तिच्यातलं ऑइल त्या बॅफलवर थांबून पुन्हा खाली गळावं म्हणून तो असतो. ब्लास्टिंगचे मणी त्या पत्र्याखाली शिरतात आणि हवेच्या झोताने बाहेर येत नाहीत, कारण आत जुन्या ऑइलचा चिकट थर असतो. इंजिन तापलं की तो थर सुटतो आणि मणी ऑइलबरोबर कॅमशाफ्टवरून (वाल्व उघडणारे दांडे) चेंबरमध्ये उतरतात. ऑइल पंप फिल्टरच्या आधी येतो, म्हणजे पंपाला फिल्टरचं संरक्षण नाही. थंड, घट्ट ऑइलमध्ये फिल्टरचा बायपास उघडला की पुढचा रस्ताही मोकळा. आम्ही कव्हर काढलं, बॅफल सोडवला आणि वर्तमानपत्रावर आपटला. अर्धा चमचा मणी पडले. खालची बेअरिंग शेल काढली तेव्हा वरचा करडा थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं.

आता या सगळ्याचं खापर कशावर फोडायचं, हा खरा प्रश्न. इथे माझा मावसभाऊ येतो. तोही इथेच राहतो, माझ्याहून मोठा, त्याच्याकडेही मियाटाच आहे. त्याचं मत ठरलेलं. "नटवायला गेलास आणि इंजिन घालवलंस. तेवढे पैसे टर्बोला घातले असतेस तर गाडी तरी पळाली असती." गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या मुलाच्या मुंजीला, जिथे भेटेल तिथे हेच. ऐकणारे हसतात आणि मी गप्प बसतो. पण दादाचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. इंजिन रंगाने गेलं नाही. सुटा केलेला भाग आतून धुऊन, तार घालून, हवा मारून मगच बसवायचा, ही वर्कशॉपमधली पहिली शिस्त मी पाळली नाही म्हणून गेलं. हीच चूक टर्बोचा ऑइल पाइप जोडताना केली असती तरी इंजिन असंच गेलं असतं.

आणि रूप म्हणजे थिल्लरपणा, हे तर मला मुळीच मान्य नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिच्यातलं इंजिन मूळ ३२३ या साध्या घरगुती गाडीच्या घराण्यातलं होतं. तरी त्यावरचं कव्हर मुद्दाम साठच्या दशकातल्या ट्विन कॅम इंजिनांची आठवण यावी असं घडवलं, दोन कॅमशाफ्टवर दोन फुगवटे आणि मधल्या दरीत प्लगच्या वायरी. प्लॅस्टिकचं झाकण टाकून ते लपवलं नाही. तोशिहिको हिराई आणि त्यांच्या माणसांनी ९६० किलोच्या आसपासची गाडी बनवताना बॉनेटसुद्धा अॅल्युमिनियमचं केलं, इतका वजनाचा हिशोब ठेवला, आणि तरीही इंजिन दिसतं कसं याचा विचार केला. ज्यांनी गाडी बनवली त्यांना जे महत्त्वाचं वाटलं, त्याला मावसभावाने नटवणं म्हणावं?

असो. त्या उन्हाळ्यात आम्ही बापलेकांनी मोडीत निघालेल्या एका १९९२ च्या गाडीचं इंजिन सहाशे डॉलरला घेतलं आणि भाड्याच्या क्रेनने बदललं. इंजिन बाहेर होतं तेव्हा बाबांनी चार दिवस रिकामा बे, म्हणजे बॉनेटखालची इंजिनाची जागा, धुतला. रॉकेल, रंगाचा जुना ब्रश आणि माझे फाटके बनियन. मी म्हटलं, प्रेशर वॉशर आणतो. म्हणाले, नको, पाणी कनेक्टरात जाईल. मग आम्ही बे मूळच्या पांढऱ्या रंगात रंगवला. लाल कव्हर बॅफल काढून तीनदा धुतलं आणि तेच बसवलं. आजही तेच आहे.

तिसऱ्या आठवड्यात बाबा टॉर्च घेऊन वाकले आणि मला हाक मारली. हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ, कॅम अँगल सेन्सर असतो. त्याखाली स्वच्छ पांढऱ्या रंगावर ऑइलचा एक ओघळ होता, करंगळीएवढा. आतली ओ-रिंग कडक झाली होती. दोन डॉलरची वस्तू. या गाड्यांमध्ये ती हमखास गळते आणि लोक मागचं ऑइल सील समजून गिअरबॉक्स उतरवतात. आमच्या जुन्या काळवंडलेल्या इंजिनावर ती गळती वर्षभर दिसली नसती. रंगवून, पुसून ठेवलेल्या इंजिनावर ती त्याच दिवशी दिसली. दादाला मी हे सांगितलं, तर म्हणाला योगायोग.

दादाच्या गाडीचंही सांगतो, कारण तुम्हाला कुणी ना कुणी तोच सल्ला देणार आहे. त्याने वापरलेला टर्बो किट घेतला, आठ पीएसआय दाबावर चालवला. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मूळचाच. रेडिएटर मूळचाच, वरची टाकी काळ्याची तपकिरी झालेली. ती तपकिरी झाली म्हणजे प्लॅस्टिक कधीही फुटणार, एवढं मियाटावाल्या कुणालाही कळतं. शिवाय या इंजिनात कूलंट पुढून आत जातं आणि पुढूनच बाहेर पडतं, कारण ३२३ मध्ये आडवं बसणारं इंजिन इथे उभं बसवताना थर्मोस्टॅट मागून पुढे आणावा लागला. त्यामुळे सर्वांत मागचा चौथा सिलिंडर जास्त तापतो. जुलैच्या एका दुपारी हायवेवर त्याचा चौथाच पिस्टन गेला, रिंगांमधली कड तुटली. इंजिन बे उघडून बघणारा माणूस असता तर रेडिएटर आधीच बदलला गेला असता. तो बे त्याने कधी पुसलाच नव्हता.

आता तुमचं बघू. तुमची गाडी १९९१ ची, म्हणून सगळ्यात आधी खाली वाकून क्रॅंक पुलीकडे बघा. तिच्यावर चार खाचा असतील तर तुमचं शॉर्ट नोज क्रॅंकचं (पुढचं टोक आखूड असलेलं) इंजिन, आठ असतील तर लाँग नोज, म्हणजे लांब टोकाचं. १९९१ च्याच वर्षात बदल झाला, म्हणून दोन्ही शक्य आहे. चार खाचांच्या क्रॅंकवर पुली जागेवर धरणाऱ्या छोट्या लोखंडी चावीची खाच झिजते, पुली डगमगते आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. तसं असेल तर ताकदीचा विचार सध्या बाजूला ठेवा.

आठ खाचा निघाल्या तर रेडिएटर, सगळे होज, साठ हजार मैल उलटून गेले असतील तर टायमिंग बेल्ट आणि त्याच्यासोबत वॉटर पंप. इथे हजारेक डॉलर जातील आणि गाडी जराही जास्त पळणार नाही. तरी घाला. नवे होज आणि नवा रेडिएटर दिसतातही छान, म्हणजे तुमचा रूपाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. काळे सिलिकॉनचे होज घ्या. बाजारात लाल-निळ्या जाळीची बाहेरून चढवायची कव्हरं मिळतात, ती नकोत, त्यांच्याखाली चीर पडलेली दिसत नाही.

ताकदीत फुकटची गोष्ट एकच, टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ. बॉनेटखालच्या डायग्नॉस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी अशी नावं असलेल्या पिना वायरने जोडा, टायमिंग लाइट लावा, मघाच्या कॅम अँगल सेन्सरचा बारा नंबरचा बोल्ट सैल करून १० अंशांचं टायमिंग १४ वर न्या आणि प्रीमियम पेट्रोल घाला. खालच्या आरपीएमला फरक जाणवतो. एक्झॉस्ट हेडरवर पैसे घालू नका, या गाडीत कंपनीचाच स्टेनलेस स्टीलचा नळ्यांचा हेडर आहे. उघडा कोन फिल्टर तर रेडिएटरमागची गरम हवाच ओढतो, आवाज वाढतो आणि गाडी तेवढीच पळते. क्लच बदलायची वेळ आली की त्याच मजुरीत हलकं फ्लायव्हील बसवा. त्यापुढे जायचं तर माझं मत सरळ आहे, १९९४ पासूनच्या मॉडेलांचं १.८ इंजिन आणि त्याचा मोठा डिफरन्शियल शोधा. टर्बो त्याच्याही नंतर, आणि तोही नव्या ईसीयूसकटच. अडीच हजारात हे सगळं बसत नाही, दोन हिवाळे लागतील.

कव्हर रंगवणार असाल तर बॅफल काढून द्या आणि परत आल्यावर स्वतः धुवा, समोरच्याने कितीही खात्री दिली तरी. ब्लास्टिंग टाळायचं असेल तर हाताने पॉलिश पेपर मारा, २२०, ४००, ८०० आणि मग मेटल पॉलिश. दोन शनिवार लागतात. उघडं अॅल्युमिनियम पुन्हा मंद होतं, विशेषतः मिठाच्या प्रदेशात, हे मात्र धरून चाला. अर्थिंगच्या वायरी जिथे बसतात तिथला रंग खरवडून काढा.

एक राहिलं. तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर इंजिन बदलणं, टर्बो वगैरे गोष्टींना तिथल्या स्मॉग तपासणीचे नियम लागतात आणि तपासणारा बॉनेट उघडून बघतो, तेव्हा मंजुरीचा क्रमांक असलेलेच भाग घ्या. आमच्या मिशिगनमध्ये ती तपासणी नाही, म्हणून मी वर इतकं मोकळेपणाने लिहिलं. आणि बेल्ट तुटला तर या इंजिनात वाल्व पिस्टनवर आपटत नाहीत, तेव्हा जुना बेल्ट आहे म्हणून घाबरून गाडी उभी करू नका, फक्त लवकर बदला.

पुलीवरच्या खाचा मोजून इथेच कळवा. चार निघाल्या तर मधला बोल्ट सोडवण्याआधी इंजिन चालू ठेवून पुलीचा व्हिडिओ घ्या, ती डगमगते का ते त्यात दिसेल.