लिनक्सवर काम करताना एचटॉप, बीटॉप की ग्लान्सेस? यंत्रावरचा भार दाखवणाऱ्या या प्रोग्रॅमपैकी डेव्हलपरने कोणता मॉनिटर वापरावा?

दिसायला देखणा हवा असेल तर बीटॉप. एवढ्यावरच थांबलो असतो, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "सीपीयू रिकामा दिसतो, तरी बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं) रखडतं." हे वाचलं आणि राहवेना.

आधीच्या कंपनीत (नाव नको) आमच्या लीडचा एचटॉपवर भारी जीव. माझ्या लॅपटॉपवर बिल्ड लावलं की एडिटर गोठायचा. साहेब आले, एचटॉप उघडला. चारही कोअरच्या पट्ट्या जवळपास रिकाम्या, लोड ॲव्हरेज (सरासरी किती प्रोसेस कामात किंवा रांगेत आहेत तो आकडा) मात्र बाराच्या वर. निकाल तिथल्या तिथे: "तुझ्या टेस्टमध्ये थ्रेड लीक होतायत, काम झालं तरी बंद होत नाहीत, कोड बघ." तेही अख्ख्या टीमसमोर. मी म्हटलं, सर, लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कसाठी अडकलेल्या, म्हणजे स्टेटच्या रकान्यात 'डी' दाखवणाऱ्या प्रोसेसही मोजतात. १९९३ पासून तसंच आहे. उत्तर आलं, "तू शाळेत होतास तेव्हापासून लिनक्स वापरतोय मी."

बरं. मी साधा टॉप लावला. वरच्या ओळीत 'डब्ल्यूए' साठच्या पुढे! सीपीयू डिस्ककडे डोळे लावून बसलेला. एचटॉपच्या पट्टीत हे दिसत नाही, कारण त्यात 'डिटेल्ड सीपीयू टाइम' मुळात बंद असतं. कोणती प्रोसेस डिस्क किती वापरते ते दाखवणाऱ्या आयओटॉपने चोरही पकडून दिला: आयटीवाल्यांनी बसवलेला बॅकअप एजंट, नोड मॉड्यूल्सच्या (प्रोजेक्टला लागणाऱ्या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या फोल्डरमधल्या) हजारो बारीक फायली फिरत्या हार्ड डिस्कवरून एकेक करून वाचत होता. तिकीट टाकून तेवढं फोल्डर वगळून घेतलं, बिल्ड पळायला लागलं. पुढच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, "कोड ऑप्टिमाइझ केल्यावर फरक पडला." कोडची एक ओळ बदलली नव्हती हो.

तर तुमचं. ग्लान्सेस पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि स्वतःच बऱ्यापैकी सीपीयू खातं. सर्व्हरची तब्येत ब्राउझरमधून बघायची असेल तरच घ्या. बीटॉप सी प्लस प्लसमधलं (आधी बॅश, मग पायथन असा त्याचा प्रवास), त्यात डिस्कची हालचाल त्याच पडद्यावर दिसते. मी मात्र अजून एचटॉपच वापरतो. एफ२ दाबून डिटेल्ड चालू करा आणि पीएसआयचे मीटर लावून घ्या. सीपीयू, मेमरी आणि डिस्क, कशाची वाट बघण्यात किती वेळ गेला ते त्यात वेगवेगळं कळतं. २०१८ च्या ४.२० कर्नलपासून ही सोय आहे. काही डिस्ट्रोंमध्ये बंद ठेवलेली असते. नुसत्या लोडच्या आकड्यावरून कोणी तुमच्या कोडला नावं ठेवली तर त्याला आधी 'डी' मोजायला सांगा, मग बोलू म्हणावं.

हो, एक राहिलं. डब्ल्यूए कमी दिसला म्हणजे डिस्क निवांत आहे असं नाही; तेवढ्यात सीपीयूला दुसरं काम मिळालं तरी तो आकडा उतरतो. शिवाय रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झाला तरी चित्र असंच दिसतं, म्हणून 'फ्री' कमांडमधला अव्हेलेबलचा रकानाही बघा. आणि तुमचं लिनक्स डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) असेल तर आतला एचटॉप फक्त आतलंच दाखवणार. बाहेरचा अँटिव्हायरस धुमाकूळ घालत असेल तर तो विंडोजच्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये शोधावा लागेल.