भाचीचं समुपदेशन चालू आहे, पण आम्हाला बाहेरच बसवतात. सांभाळणाऱ्यांनी नेमकं करायचं काय?

चौदा वर्षांची भाची घरातली मारहाण पाहून तुमच्याकडे आली, आणि आता तुम्ही फक्त तिला नेता-आणता, असं लिहिलंय तुम्ही. त्या बाकावर मीही बसले आहे. माझ्या बहिणीचा मुलगा अकराव्या वर्षी माझ्याकडे आला तेव्हाची गोष्ट.

समुपदेशनाच्या पहिल्या ठिकाणी माणसं बदलत राहिली आणि प्रत्येक जण त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लावायचा. घरी आला की दोन दिवस धड जेवायचा नाही, दारं आपटायचा. मी त्याला हट्टी म्हणायचे (अजून लाज वाटते). शाळेतून निरोप आला, लक्ष नसतं, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार) असेल. लक्ष होतंच त्याचं. दाराकडे, कोण येतंय त्याकडे.

दुसऱ्या ठिकाणी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी झाली, म्हणजे मनावर आघात झालेल्या मुलांना विचार, भावना आणि वागणं सावरायला शिकवणारं समुपदेशन. ही पद्धत साधारण 3 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी आहे. बहुधा 12 ते 16 सत्रं, गरज पडली तर जास्त. यात सांभाळणाऱ्याची वेगळी सत्रं उपचाराचाच भाग असतात. सुरुवात श्वास, झोप, राग कुठून चढतो ते ओळखणं यापासून. घडलेल्या प्रसंगाबद्दल बोलणं नंतर, तेही थोडं थोडं. तो जे शिकायचा ते मीही शिकायचे, म्हणून रात्री दोनला तो दचकून उठला की काय करायचं हे मला ठाऊक असायचं. आठवड्यातला तो एक तास सोडला तर बाकी सगळा वेळ मूल आपल्याजवळच असतं ना! तिथल्या बाईंनी एकदा मला विचारलं, ‘तुम्ही झोपता का?’ त्या दिवशी निम्मं सत्र माझ्या रडण्यातच गेलं.

भाची आत काय बोलते ते तिचं आहे, त्याचा आग्रह धरू नका. पण उपचाराची दिशा काय, घरी काय टाळायचं आणि ती चिडली तर काय करायचं, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. जिवाला धोका वाटला तर तुम्हाला कळवतील ना, हेही स्पष्ट करून घ्या. तसं काही ती घरी बोलली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच मदत घ्या.

स्वतःसाठी वेगळी वेळ मागाच, फक्त भाचीला आधी सांगून. मोठी माणसं दाराआड कुजबुजतात हे तिने पुष्कळ पाहिलं असेल.