पीसीबीवाल्यांनी आंतरविद्याशाखीय पदवी घ्यावी का?

तुमची मुलगी रत्नागिरीत बारावीला आहे, गणित सोडून पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलंय, जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर दोन्ही आवडतं; तर साधी बीएस्सी की आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषय एकत्र शिकवणारी पदवी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आंतरविद्याशाखीय चालेल, पण पदवीच्या नावावर भाळू नका.

अशा अभ्यासाची खरी गरज हापूसच्या साक्यात दिसते. फळ बाहेरून देखणं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. तो का होतो हे फळाच्या शरीरक्रियेत शोधावं लागतं. न कापता ओळखायचा तर क्ष-किरण किंवा अवरक्त प्रकाश लागतो, म्हणजे भौतिकशास्त्र. आणि पेट्यांमागून पेट्या तपासायच्या तर मोजमापांवरून चांगलं-वाईट ठरवणारा प्रोग्राम लिहावा लागतो, त्याच्या मुळाशी संख्याशास्त्र.

अभ्यासक्रमातही साका असतो. तो शोधायला माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सत्रवार क्रेडिटचा तक्ता मागवा. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. चार क्रेडिटच्या विषयात तीन थिअरी, एक प्रॅक्टिकल असेल तर ४५ तास वर्ग आणि ३० तास प्रयोगशाळा. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला जेमतेम दोन तास हात चालणार. पहिल्या वर्षी सगळ्या विषयांची तोंडओळख असणं ठीक. तिसऱ्या वर्षीही तोंडओळखच चालू असेल तर सोडून द्या. एका विषयात खोली हवी, आणि दोन विषय एकत्र येतील असा प्रकल्प शेवटच्या वर्षी हवा.

गणिताचं काय? आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) भौतिक, रसायन, जीव, गणित यांपैकी तीन विषय पुरतात, त्यामुळे पीसीबीवालीही पात्र. पण आयएटीत, म्हणजे आयसरच्या प्रवेश परीक्षेत, चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४, चुकल्यास वजा १. गणित कोरं ठेवलं तर २४० पैकी ६० गुण आधीच गेले. नेस्ट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेत (नायसर भुवनेश्वर आणि मुंबईत कालिन्याचं सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठीच्या) चारपैकी सर्वांत चांगले तीन विभाग धरतात, तिथे तिचं नुकसान कमी. प्रवेश मिळाला तरी कलन (कॅल्क्युलस) आणि संभाव्यता सुटत नाही, तेव्हा अकरावी-बारावीचं गणित निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा आत्ताच उघडलेलं बरं.

घराजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही बघा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांच्या बीएफएस्सीत (मत्स्यविज्ञानाची पदवी) मत्स्यपालन, माशांवरची प्रक्रिया, नौका आणि जाळी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र असं सगळं येतं. नावात ‘आंतरविद्याशाखीय’ कुठेच नाही!

राहिली नोकरी. जाहिरातीत बहुधा ‘अमुक विषयातली पदवी’ असं लिहिलेलं असतं आणि नवलाईच्या नावाची पदवी छाननीत अडकते. मुख्य विषय गुणपत्रिकेवर छापतात का आणि समकक्षतेचं पत्र (ही पदवी त्या विषयाच्या पदवीच्या बरोबरीची, असं सांगणारं) मिळतं का, हे फी भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा.